माझं गाव पुरेसं दूर नव्हतं

केशोरीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला माझं माहेर. मी आणि माझी मैत्रीण तिथल्याच. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली. मला तालुक्याच्या गावी दिलं आणि तिला गावातल्या गावातच, दुसऱ्या मोहल्ल्यात. निरोपाच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा मला तिचं वाईट वाटत होतं. बाजार, दवाखाना, रेल्वे स्टेशन माझ्या वाट्याला आलं होतं. तिला तेच बोडीचं तळं, तेच धानाचे बांध, आणि नाल्याला पूर आला की अलीकडूनच परतणारी एसटी.

शिवणकाम मी सासरी आल्यावर शिकले. माहेरी गेले की तिच्या ओट्यावर बसून तिला दाखवायचे. ब्लाउजची कटोरी कशी कापायची, कॉलर उलटवताना टोक कसं काढायचं, हे सगळं तिनं माझ्याकडून घेतलं. तिच्याकडे सासूचं जुनं पायमशीन होतं. माझंही पायमशीनच, पण माझं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, घराच्या पुढच्या खोलीत, वर रंगवलेली पाटी. आमच्यात मोठी कोण, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती.

मग एके दिवशी तिचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता.

"मले कर्ज भेटलं वं! मोटरच्या मशीनी येऊन राहिल्या. काज-बटनाची पण. आश्रमशाळेचे ड्रेस घेणार आहो मी."

"कोणी दिलं?" मी विचारलं.

"कंपनी आहे गोंदियाची. घरी आला होता त्यांचा माणूस. धंदा पाहिला, अन् जमानतीले काही मागितलं नाही."

चांगलं झालं म्हणून मी फोन ठेवला. समोर एका गिऱ्हाइकाचं अस्तर लावत होते, ते उलटं लागलं. उसवलं, पुन्हा लावलं. काज-बटनाच्या मशीनसाठी मी किती वर्षं जीव टाकत होते ते माझं मला माहीत. शर्ट शिवले की काज करायला दुसऱ्याच्या दुकानात पाठवावे लागायचे आणि त्यात कमाई जायची.

दुसऱ्याच दिवशी मी त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. आमच्याच बाजारात, एका औषधाच्या दुकानावर त्यांची खोली होती. तरुण साहेब गोंदियाचा, अर्धं हिंदीत बोलणारा. त्यानं मला बसवलं, दुकान कुठं विचारलं, आणि मी सांगितल्यावर पेन खाली ठेवला.

"ताई, यहाँ का नहीं होगा. हा पैसा आमच्या कंपनीला एका मोठ्या विकास बँकेनं दिला आहे. छोट्या धंद्यांना वाटायला. पण अट अशी आहे की जिथं बँक पोचत नाही, अशाच गावांत वाटायचा. तुमच्या गावात तर बँकाच बँका आहेत."

"मग त्या मले काऊन देत नाहीत?"

"वो तो आप उनसे पूछिये," तो म्हणाला, पण उर्मटपणे नाही.

विचारलं होतंच मी. एका बँकेत सांगितलं, घर सासऱ्याच्या नावावर आहे, त्यांची सही आणा. सासरे सही करायला तयार नव्हते. दुसरीकडे म्हणाले, धंद्याचे कागद दाखवा. मापाची वही आणि एक कात्री, एवढाच माझा धंदा. तिसऱ्या ठिकाणी साहेब कायम जेवायला गेलेला. बँकांच्या पाट्या माझ्या दुकानातून दिसायच्या आणि मला त्यांचा उपयोग माझ्या मैत्रिणीपेक्षा काडीभर जास्त नव्हता. तरी त्या होत्या, म्हणून मी बाद. जिच्या गावाची मी एवढी कीव केली, त्या गावाचं मागासलेपण तिला फळलं, आणि मला माझं रेल्वे स्टेशन नडलं.

दिवाळीनंतर मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, माहेरी गेले. गाव पाहुण्यांनी भरलं होतं, रात्रीच्या नाटकाचा मांडव उभा राहत होता. मी आधी तिच्याकडे गेले. तिच्या अंगणात टिनाचं शेड उभं होतं. आत नवीन मशिनी, प्रत्येकीवर फुलं वाहिलेली. गावातल्या दोन बाया कामाला. मोटर सुरू झाली की सुई दिसायचीच नाही, नुसता आवाज. तिनं मला हात धरून काज-मशीनपाशी नेलं आणि एक काज करून दाखवलं. बघता बघता झालं. एवढं सुबक काज मी हातानं कधीही केलं नसतं.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"धागा सैल येऊन राहिला," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. ती स्क्रू पिळत बसली. धागा सैल नव्हता.

त्या थंडीत कंपनीला पैसा देणाऱ्या विकास बँकेचे लोक तिचं दुकान पाहायला येणार होते. तिनं मला बोलावलं, "तू ये, मले बोलता येत नाही." मी गेले. का गेले, तर बघायचं होतं. दोन गाड्या आल्या. एक बाई मुंबईची, खादीची साडी नेसलेली, मराठी साफ बोलणारी. तिनं शेड बघितलं, शिवलेले ड्रेस हातात घेऊन शिवण ओढून बघितली, आणि मैत्रिणीला विचारलं, "शिवण कुठं शिकलात तुम्ही?"

मी बाजूलाच उभी होते. पदर सावरला.

"अशीच," मैत्रीण म्हणाली. "पाहून पाहून."

फोटो काढताना तिनं मला जवळ ओढलं. मी उभी राहिले. आणि मग, गाड्यांकडे जाताना, मी त्या बाईंना गाठलं.

"मॅडम, एक विचारू? मी तालुक्याच्या गावाची. आमच्याकडं बँका आहेत, पण बाईले कोणी देत नाही. मग माझं गाव दूर की जवळ?"

त्या थांबल्या.

"तुमचं म्हणणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण आम्ही गावाची अट काढली, तर सगळा पैसा बाजाराच्या गावांतच संपतो. इथवर येतच नाही. रेघ कुठंतरी मारावी लागते, आणि कुणीतरी रेघेच्या अलीकडे राहतं."

मला राग यायला हवा होता, आला नाही. उत्तर पटलं, हाच त्रास होता. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्या रेघेचाच विचार करत होते. आणि केशोरी मागे पडता पडता लक्षात आलं, माझं माहेर तर रेघेच्या पलीकडेच आहे. भावाच्या घराची पुढची खोली रिकामी आहे.

दुकान माहेरी हलवते म्हणून घरी सांगितलं तेव्हा नवरा हसायला लागला. "लोक गावातून इकडं येऊन राहिले, अन् तू उलटी निघाली?"

"उलटी तर उलटी," मी म्हणाले. सासऱ्यांच्या सहीची गरज उरली नव्हती, त्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

वहिनीला खोलीचं भाडं ठरवून दिलं, म्हणजे पुढे कुरबूर नको. पायमशीन टेम्पोत घालून नेलं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. कंपनीच्या साहेबानं आधीच सांगितलं होतं, नुसता पत्ता चालणार नाही, धंदा तिथं चालताना दिसला पाहिजे. तो दिसावा म्हणून मी पहिले ब्लाउज जवळजवळ फुकटात शिवले.

मैत्रीण पहिल्याच दिवशी आली. दारातच उभी राहिली.

"इथं काऊन?"

"तुले भेटलं, मले नाही भेटत होतं. म्हणून."

"गाव केवढं आहे हे? दोन दुकानं कशी चालतीन?"

तिच्या तोंडावर जे दिसलं ते माझ्या ओळखीचं होतं. मनातून गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोलणं टाकलं. तिनं ब्लाउजची शिलाई उतरवली, मीही उतरवली. गावातल्या बायांची चंगळ झाली. कोण कोणाच्या दारात जाते हे मी मशीनवर बसल्या बसल्या मान वळवून बघायचे, आणि एकदा तसंच बघताना सुई बोटात गेली. माझं कर्ज मंजूर झालं, मोटरचं मशीन आलं, आणि तिच्याकडच्या कामाच्या दोघींपैकी एक माझ्याकडे आली. तेव्हा ती भडकली. एसटीच्या थांब्यावर, लोकांसमोर, तिनं मला गाठलं.

"माझी बाई काऊन फोडली?"

"अन् तू त्या मॅडमले काऊन सांगितलं पाहून पाहून शिकली म्हणून? माझं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती?"

ती म्हणाली, "तू तिथं होती ना उभी. चांगली साडी, चप्पल, शहरातली वाटत होती. लग्न झाल्यापासून तू आली की साऱ्या गावानं तुझ्याकडंच पाहायचं. एक दिवस माझा होता. तोही तुले काऊन देऊ?"

गाडी आली. मी चढले. मी तिची कीव करत होते त्या सगळ्या वर्षांत ती माझ्यावर जळत होती, आणि मला ते कळलंही नव्हतं.

पुढे आमचं ठरलं, न बसता, न बोलता, हळूहळू. आश्रमशाळेचे ड्रेस आणि शर्ट तिच्याकडे, ब्लाउज आणि लहान मुलींचे फ्रॉक माझ्याकडे. काज करायला माझे कपडे तिच्याकडे जातात आणि ती माझ्याकडून कमी पैसे घेते. मी तिचे उपकार मानत नाही. तिच्या दारात गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली उभ्या दिसल्या की अजून मी त्या मोजते.

यंदा शाळा उघडायच्या आधी कंपनीचा साहेब पुन्हा गावात आला. पाटलाच्या घरासमोर राहणाऱ्या एका नव्या सुनेनं मशीनसाठी कर्ज मागितलं होतं. ती माहेरून कोर्स करून आलेली, फोनमध्ये बघून नव्या फॅशनचे गळे काढणारी. साहेब आम्हा दोघींना एकत्र बसवून म्हणाला, "ताई, तुम्ही दोघी जुन्या आहात. गावात तिसरं दुकान चलेगा क्या?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे.

"गाव लहान आहे जी," मी म्हणाले.

"दोन पुरे झाले," ती म्हणाली.

किती वर्षांनी आमचं एकमत झालं होतं. साहेबानं मान हलवली, चहा पिऊन गेला आणि त्या सुनेला कर्ज मंजूर केलं. परवा तिचं मशीन आलं. आम्ही दोघी मिळूनच बघायला गेलो. त्याला छोटा दिवा आहे, सुईवर उजेड पडतो. आमच्या दोघींच्याही मशीनला नाही.