आक्काचे सात रविवार

सरूआक्काचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. तिनं मला वस्तीत जागा दिली. काम नव्हतं त्या दिवसांत जेवू घातलं. आज मी ज्या कंपनीत परमनंट आहे ती नोकरीही तिच्यामुळंच लागली, आणि ती कशी लागली हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. कामगार मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी गाव सोडल्याच्या आठवणी मागवल्या आहेत, म्हणून हा कागद घेऊन बसलो. शाळा मी पाचवीत सोडली. पोलीस ॲक्शनच्या साली आमच्याकडची शाळा बंद पडली, ती माझ्यापुरती बंदच राहिली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकेल ते वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव कळंबच्या बाजूचं, आधी निजामाच्या राज्यातलं. इकडची माणसं मला अजून 'मोगलाईतला' म्हणतात. निघालो त्या दिवशी बार्शीच्या लहान गाडीपर्यंत चार कोस चालायचं होतं. माझी वळकटी दादांनी, म्हणजे वडिलांनी, खांद्यावर घेतली आणि वाटभर मला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, "द्या की, माझंच ओझं हाय." तर म्हणाले, "पोराचं ओझं उचलायला कधी मिळालं मला?" 

हे त्यांनी सहज म्हटलं, पण मला त्याचा अर्थ ठाऊक होता. दादांच्या खांद्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी नेली. महसुलाचा गिरदावर दौऱ्यावर आला की त्याचा तंबू, गादी, हुक्का, कोंबड्या सगळं पुढच्या गावाला पोचवायचं काम आमच्या आळीवर असायचं. पैसा नाही, भाकर नाही. त्याला वेठ म्हणत. माझी थोरली बहीण जन्मली त्या दिवशी दादा तीन गावं पुढं होते. परत आले तेव्हा पोरीची पाचवी होऊन गेली होती.

गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ते सिग्नलकडं बघत म्हणाले, "लिंबा, तिकडं कुणाचं फुकट काम करायचं न्हाय. कुणी गोड बोलंल, कुणी पुण्य सांगंल. वेठ माझ्यापाशी सरली. तुझ्यापाशी सुरू व्हायला नको."

मी हो म्हटलं. कुर्डुवाडीला गाडी बदलेपर्यंत मला दुसरं काही आठवत नव्हतं.

चिंचवड स्टेशनला उतरलो तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या. चार दिवस मुकादमाच्या पुढं नुसता उभा राहिलो. पाचव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीत सरूआक्काच्या खानावळीसमोर बसलो होतो, पाणी मागायला. तिनं पाण्याच्या आधी भाकरी पुढं सरकवली आणि म्हणाली, "मोगलाईतली मान्सं मागत न्हाईत, नुसती बगत्यात. खा." ती इथलीच, मूळ चिंचवड गावची. नवरा वारलेला, दोन्ही मुली चऱ्होलीला दिलेल्या. दहा-बारा माणसं तिच्याकडं जेवत. मला तिनं मागच्या पडवीत झोपायला जागा दिली आणि पुढं मुकादमाला सांगून बिगारी कामावरही लावलं.

आता त्या ओढ्याची गोष्ट. वस्ती आणि मोठा रस्ता यांच्या मधे तो आडवा पडलेला. पावसाळ्यात पाणी आलं की वस्ती तुटायची. गुरुजी शाळेत यायचे नाहीत, पिठाची गाडी यायची नाही. दिवाळी झाल्यावर वस्तीच्या शाळेच्या गुरुजींनी सभा घेतली. दर रविवारी श्रमदान करायचं, ओढ्यावर दगडाची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, घालायची आणि रस्त्यापर्यंत मुरूम टाकायचा. सरकारचं सिमेंट आणि हात आपले. घरटी एक माणूस.

'श्रमदान' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गुरुजी खूप चांगलं बोलले. देश आपला झाला, राबणंही आपल्यासाठी, असं काहीतरी. पण माझ्या कानात एकच शिरलं: घरटी एक माणूस, आणि पैसे नाहीत. आमच्याकडं कोतवाल अगदी हेच ओरडत यायचा.

पहिल्या रविवारी सकाळी आक्कानं पडवीत डोकावून विचारलं, "येतूस का?"

"अंग मोडून आलंय, आक्का."

"बरं," म्हणाली, आणि पदर खोचून पाटी घेऊन गेली.

दुसऱ्या रविवारी कपडे धुवायचे होते. तिसऱ्या रविवारी काय सांगितलं ते आठवत नाही. नंतर तिनं विचारणं सोडलं. खानावळीतला दत्तू, रत्नागिरीकडचा, रोज माझ्या शेजारच्या पाटावर बसायचा. तो मला नवाब म्हणू लागला. "नवाबसाहेब, मेल्या, आम्ही मुरूम वाहायचा आणि तू घोरत पडायचंस? उद्या फरशी झाली की तुला पालखीतनं पलीकडं नेतो." सगळे हसायचे. मीही हसायचो. दत्तू स्वतः कशासाठी जायचा, तर दहा वाजता तिथं गुळाचा चहा आणि पोहे मिळायचे. एक जण जायचा कारण ओव्हरसियरचा भाऊ तिथं यायचा आणि ओळख वाढवायची होती. एका पोराला वस्तीतल्याच एका मुलीसमोर मोठे दगड उचलायचे होते. खरं सांगतो, पुण्य मिळावं म्हणून गेलेला मला त्यांच्यात कुणी दिसला नाही, आणि तरी फरशी दर रविवारी हातभर पुढं सरकत होती.

एकदा मी आक्काला विचारलं, तुला काय मिळतं? ती पीठ मळत होती. म्हणाली, "मला? पावसात पिठाची गाडी येत न्हाई, मंग तुमी माझ्या डोक्यावर बसता. माझंच पोट हाय त्यात. पुन्य-बिन्य मला कळत न्हाई बाबा."

त्यावर काही बोलावं तर माझ्याकडं वेठीची सगळी गोष्ट होती. दादांचा खांदा होता, बहिणीची पाचवी होती. पण मी बोललो नाही. कारण मला वाटलं, ती म्हणेल, अरे, ते निराळं आणि हे निराळं. आणि ते निराळं आहे हे मला कळत होतं. कळत असून मी पडवीतून उठत नव्हतो. वेठीचं कारण पहिल्या दोन रविवारी खरं असेल. त्यानंतर ते नुसतं पांघरूण होतं. अंग दुखतं, आठवड्याची एक सुट्टी, आणि कुणी जबरदस्ती करत नाही म्हटल्यावर उठायचं कशाला, इतकंच.

सोमवारच्या भाकऱ्या त्या दिवसांत जाड व्हायच्या, कडा फाटलेल्या. एका सोमवारी मीच म्हटलं, "आक्का, आज भाकरी लई जाड."

"जाड भाकर पोटात टिकती," ती म्हणाली.

तिचे तळहात मी पाहिले ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी. टोपल्याच्या काथ्यानं सोललेले. भाकरी थापताना ती तळव्याऐवजी बोटांनीच थापत होती, म्हणून जाड राहत होती.

फरशी पुरी झाली चैत्रात. सात रविवार लागले होते, मधले बरेच रविवार सिमेंट न आल्यानं खाडे गेले. कारखान्याचे एक साहेब पाहुणे म्हणून आले. शाळेसमोर टेबल मांडलं, गुरुजींनी वही उघडली आणि म्हणाले, एकही रविवार न चुकवलेल्या तिघांचा सत्कार करायचा आहे. दोन नावं वाचली. तिसरं नाव वाचलं, "लिंबाजी, सरूबाईंच्या खानावळीतला."

मला वाटलं, थट्टा आहे. दत्तूनं पाठीत गुद्दा घातला. "जा ना, मेल्या. नारळ थंड होतोय."

मी गेलो. हे मला लिहायचं होतं. मी उठलो आणि गेलो. साहेबांनी हार घातला, नारळ दिला. मागं बायका पोरं घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यात आक्का होती आणि ती टाळ्या वाजवत होती. सोललेल्या हातांनी, हळूहळू.

मग दत्तूनं सांगितलं ते असं. पहिल्या रविवारी ती पाटी घेऊन उभी राहिली तेव्हा गुरुजी वही घेऊन बसले होते. घरटी एक पुरुष, असे रकाने पाडलेले. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचं काम कुणाच्या नावावर मांडू?" ती म्हणाली, "माझ्याकडं लिंबा ऱ्हातो, त्याचं लिवा. मला तर घमेलं उचलायचंय." सातही रविवार तसंच. गुरुजींना यात काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. बाईमाणसाचं नाव वहीत घालायचं असतं हेच तिथं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिघांनाही कारखान्यात बोलावलं. पॅकिंग खात्यात भरती सुरू होणार होती. ते म्हणाले, "न सांगता उठणारी माणसं पाहिजेत मला." माझ्याकडं बघून विचारलं, "तूच ना, सातही रविवार आलेला?"

मी म्हटलं, "हो."

त्या एका 'हो'वर मी आज युनिफॉर्म घालतो. गावी दोन्ही धाकटे भाऊ शाळेत जातात. दादांनी आळीतलं छप्पर काढून पत्रा घातला. मला शिफ्टची सवय झाली, घड्याळ कळू लागलं. कार्ड पंच करणं, पाळी बदलणं, ओव्हरटाइम हे शब्द आता गावी गेल्यावर तोंडातून आपोआप निघतात आणि माय म्हणते, "मराठीत बोल की."

ऑर्डर मिळाली त्या दिवशी पेढे घेऊन आक्काकडं गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. "आक्का, ते नाव," एवढंच बोललो.

ती हसली. "नाव लिवलं म्हनून हात का तुझं झालं? हात माझ्यापाशीच हायती. आन् मला का तुझा साहेब कारखान्यात घेनार व्हता?" मग पेढा तोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पर पुढच्या बारीला तू ये. नाव नको. तू ये."

पुढची बारी आली. पहिल्याच पावसाळ्यात फरशीची एक बाजू खचली आणि पुन्हा चार रविवार काम निघालं. मी गेलो नाही. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं, आणि ओव्हरटाइम मी मागून घेतला होता. कारण आता मला श्रमाची भीती नव्हती. भीती ही होती की मी तिथं कुदळ घेऊन उभा राहिलो की कुणीतरी म्हणेल, अरे, हा आज पहिल्यांदाच दिसतोय. ते बोलणं साहेबांपर्यंत गेलं तर? आळशी माणसाला बाहेर काढायला दत्तूची थट्टा पुरते. शरमिंद्या माणसाला थट्टा आणखी आत ढकलते. मी अशी पोरं पॅकिंगमधेही बघतो. रक्तदान असो, बिनपैशाचं काही काम असो, मागं उभी राहणारी सगळी आळशी नसतात. काहींना पुढं यायचं असतं, पण आधी का नाही आलास, याचं उत्तर त्यांच्याजवळ नसतं.

मग कारखाना वाढला आणि वस्ती उठली. तिथं आता कामगारांच्या चाळी आहेत. आक्का खानावळ मोडून थोरल्या मुलीकडं चऱ्होलीला गेली. निघाली त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला होतो. पाळी बदलून घेता आली असती. तीन वर्षं झाली. चऱ्होली काही कळंबइतकी लांब नाही, सायकलनं सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला परत येता येतं.

फरशी आहे अजून. पाळीला जाताना मी रोज तिच्यावरूनच जातो.

मागच्या महिन्यात दत्तू आळंदीच्या बाजारात गेला होता, त्याला आक्का भेटली. गुडघे गेले आहेत. चऱ्होलीत शाळेची खोली बांधायला दर रविवारी माणसं जमतात, तिथं ती बसत-उठत पाणी नेऊन देते. दत्तूला तिनं विचारलं, "लिंबा नीट जेवतो का? कुटं जेवतो?" मी त्याला दोनदा विचारलं, आणखी काय म्हणाली. ये म्हणाली का. दत्तू म्हणाला, नाही, बाबा. एवढंच विचारलं.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांना तोंडानं सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. म्हणून इथं लिहितो. हे हस्तलिखित तयार झालं की आधी त्यांच्या टेबलावर जातं, हे मला माहीत आहे. साहेब, सात रविवार आलेला माणूस मी नव्हतो. ती सरूबाई होती, खानावळवाली, मागं बायकांत उभी होती. यापुढं तुम्ही जे ठरवाल ते मी ऐकीन. भीती वाटते. घरी दोन शाळकरी भाऊ आहेत हेही लिहून ठेवतो, गयावया म्हणून नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

गावाकडच्यांनो, याची एक नक्कल तुम्हालाही धाडणार आहे. तुम्ही विचारता, तिकडं करमतं का, घर आठवतं का. आठवतं. पण डोळे मिटल्यावर आता दोन घरं येतात. एक आपलं, आळीतलं. दुसरं ती पडवी, जी पाडून तिथं चाळीचा नळ बसवला आहे. पहिल्या घरात मी जन्मलो, त्याला मी काही विचारत नाही. दुसऱ्या घरात मला कुणी काही न मागता ठेवून घेतलं, आणि एकदाच काही मागितलं तर मी दिलं नाही. ज्या घरचं देणं असं आपल्याकडं अडकून राहिलं आहे, ते घर मोडलं तरी सुटत नाही.

दादा, तुम्ही हे धाकट्याकडून वाचून घ्याल आणि रागवाल. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, धरून नेलं होतं. मला विचारलं होतं.

या रविवारचा ओव्हरटाइम मी नाकारला आहे. आक्का, मी येतोय. तुझे सात रविवार माझ्याकडं आहेत, ते सातही फेडीन. पाळी आडवी आली तर वर्ष लागेल, पण फेडीन. नोकरी राहिली तर राहिली, नाहीतर रविवार जास्त मिळतील. तू पाणी आणू नकोस, ते मी आणीन. तू फक्त सावलीला बस, आणि मी कुठं चुकलो तर सगळ्यांच्या देखत ओरड.