अक्काच्या घरी तपासणी

सरकारी माणूस गळकं छत बघायला येणार, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं आदल्या दिवशी त्या छताला सफेदी करून घेतली. हे मी आजवर पुष्कळ जणांना सांगितलं आहे आणि ऐकणारा दर वेळी हसतो. मला काही अजून हसू येत नाही.

अक्का नल्लकुंट्यात राहते. दोन खोल्या, पुढे हातभर ओटा, मागे न्हाणी. दाजी गिरणीत होते, त्या पगारात त्यांनी हे घर उभं केलं. छत इथल्या जुन्या घरांना असतं तसंच. लोखंडी गर्डर, त्यांवर शहाबादी फरश्या आणि वर चुन्याचा थर. दाजी गेले, मग हळूहळू गर्डर गंजले आणि फरश्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं. मागच्या खोलीत अक्का स्वयंपाक करते आणि तिथेच झोपते. पावसाळ्यात त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, कारण जिथे जागा तिथे बादली नाहीतर पातेलं. आणि तिच्या पलंगाच्या बरोब्बर वरची फरशी मधोमध तडकली होती. पलंग सरकव म्हटलं की ती म्हणायची, "इतकी वर्षं पडली नाही, आता कायकू पडेल?"

माझ्याकडे राहायला ये म्हणून मी तिच्या हातापाया पडलो. चिक्कडपल्लीला माझी भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे. ती यायची, दोन दिवस राहायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची. छत करून देतो म्हणावं, तर माझ्या पेन्शनीत भाडं आणि बायकोची औषधं निघतात, छत निघत नाही. कर्ज काढतो म्हटलं तर तिनं अबोला धरला. धाकट्या भावाकडून बहिणीनं साडी घ्यावी, छत घेऊ नये, हा तिचा नियम. ती पापड-कुरडया करून विकते. त्यात तिचं भागतं आणि वर गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला डिंकाचे लाडूही जातात.

तेवढ्यात कळलं की वॉर्ड ऑफिसात एक योजना आली आहे. कमी मिळकतीच्या माणसाचं स्वतःचं जुनं घर असेल तर दुरुस्तीला मदत. मी बँकेत जन्म काढलेला माणूस, कागदांची मला भीती नाही. पण त्या ऑफिसानं मलाही घाम फोडला. घर दाजींच्या नावावर, म्हणून वारसाचा दाखला आणा. दाखल्यावर अक्काचं नाव सासरचं, रेशनकार्डावर माहेरचं, म्हणून दोन्ही बायका एकच असल्याचा आणखी एक दाखला आणा. मी सगळं आणलं. शेवटी तिथला कारकून म्हणाला, आता इंजिनिअर मॅडम घर बघून जातील, त्यांनी 'दुरुस्तीची गरज आहे' एवढं लिहिलं की झालं.

मी हे अक्काला सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. तिच्या कानात एवढंच शिरलं की घरी कोणीतरी येणार आहे.

ठरल्या दिवशी मी पोचलो तर ओट्यावर ठिपक्यांची रांगोळी, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत गेलो आणि वर पाहिलं. छत पांढरंशुभ्र. भिंतीवरच्या मोठ्या चिरेवर बालाजीचा फोटो, त्याच्या शेजारच्या चिरेवर कॅलेंडर. बादल्या न्हाणीत रचलेल्या. पलंगावर ठेवणीतली चादर, आणि अक्का स्वतः इरकली नेसून चहाचं आधण ठेवत होती.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"पाहुणी येणार ना रे. त्या अवतारात घर दाखवू?"

"तोच अवतार दाखवायचा होता!"

"हळू बोल. शेजारी ऐकतात."

इंजिनिअर मॅडम आल्या. तरुण, तेलुगू मुलगी, उन्हानं लाल झालेली, खांद्याला जड पिशवी. अक्कानं तिला पंख्याखाली बसवलं, आधी गूळ-पाणी दिलं, मग आलं घातलेला चहा आणि बशीभर शंकरपाळ्या. मुलगी बिचारी विरघळलीच. तिनं वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, टपकता कहाँ है?"

अक्का हसली. "अब क्या बोलना बेटा. थोडा-बहुत तो सबके घर में टपकता. भगवान की दया है."

मी उठून फरशीकडे बोट दाखवायला लागलो, बालाजीचा फोटो काढायला गेलो, तर अक्का मॅडमना म्हणाली, "इसका सुनो नक्को. बचपन से ऐसाच है, हर बात को पहाड करता." त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि घराच्या मालकिणीवर विश्वास ठेवला. जाताना म्हणाली, "इल्लु चाला बागुंदि अम्मा." घर फार छान आहे. अक्का तेलुगूतलं ते कौतुक ऐकून दिवसभर खूश होती. कागदावर गेलं ते असं: मालकाची तक्रार नाही, दुरुस्तीची गरज नाही.

मी त्या दिवशी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारची बाई कढीपत्ता मागायच्या निमित्तानं डोकावून गेली. अक्का पापडाचं पीठ कुटत राहिली. मग कुटता कुटताच म्हणाली, "ज्यांना ती मदत मिळते ना, त्यांच्या भिंतीवर निळा चौकोन रंगवतात. आत नाव घालतात. मी पाहिलंय. या गल्लीत लोक माझ्याकडे मागायला येतात. आता त्यांनी येता-जाता ते वाचायचं का?"

"छत अंगावर पडलं तर कोण वाचणार आहे?"

तिनं कुटणं आणखी जोरात सुरू केलं. पण दोन दिवसांनी तिचाच फोन आला, की तुझं खरं आहे, पुन्हा अर्ज कर. मी पुन्हा अर्ज केला आणि तिला अक्षरशः शिकवणी लावली. कोणीही आलं तरी चहा नंतर, आधी छत. फोटो काढायचा, कॅलेंडर काढायचं, बादल्या जागच्या जागी. थोडं-बहुत म्हणायचं नाही. तिनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

पावसाळा तोंडावर आला होता. एक दिवस दुपारी तिचा फोन. आवाजात नुसता विजय.

"आज आला होता तुझा माणूस. सगळं दाखवलं बघ! काठीनं ठोकून दाखवलं. एक मोठा ढपला त्याच्या पायाशीच पडला. पलंगावरची फरशी दाखवली, म्हटलं, ही कधीही पडेल साहेब, मी देवाचं नाव घेऊन झोपते. बिचारा घाबरून बाहेरच जाऊन उभा राहिला. चहासुद्धा घेतला नाही."

मलाही बरं वाटलं. शाबास अक्का, म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर लाल अक्षरांची नोटीस लागली. इमारत धोकादायक, तत्काळ रिकामी करावी.

आलेला माणूस मदतीच्या योजनेचा नव्हताच. पावसाआधी पडकी घरं हुडकत फिरणारा तो दुसराच. आमच्या अक्कानं आयुष्यात एकदा घराची लाज उघडी केली, ती नेमकी घर रिकामं करवणाऱ्यापुढे. आलेला कोण, कुठला, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. आधी या, बसा.

मी तसाच वॉर्ड ऑफिसात गेलो. एकाच खोलीत दोन टेबलं. एका टेबलावरच्या कागदात घर ठणठणीत, म्हणून मदत नाही. दुसऱ्या टेबलावरच्या कागदात तेच घर पडायला आलेलं, म्हणून राहायला बंदी. मी पहिल्याला म्हटलं, बघा, तुमच्याच ऑफिसानं धोकादायक म्हटलंय, आता तरी दुरुस्तीला द्या. तो म्हणाला, "खतरनाक घर को मदद नहीं देते साब, रूल नहीं है." दुसऱ्याला म्हटलं, नोटीस मागे घ्या. तो म्हणाला, दुरुस्ती करून आणा, लगेच घेतो. आणि हे दोघे माझ्याशी बोलता बोलता एकाच डब्यातला चिंचभात खात होते. एकानं दुसऱ्याला भात वाढावा तसा कागदही पुढे सरकवला असता तर काय बिघडलं असतं? माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.

त्या आरड्याओरड्यानं आतल्या खोलीतून ती इंजिनिअर मुलगी बाहेर आली. मला निरखून म्हणाली, "आप वो चायवाली अम्मा के भाई ना?"

तिनं दोन्ही कागद वाचले, कपाळाला हात लावला. पुढची खोली पक्की आहे, गर्डर मागच्या खोलीचेच गेलेत, असं असेल तर ती ते घर दुरुस्तीजोगं आहे असं लिहू शकत होती. मग नोटीसही थांबली असती. पण आधीच्या तपासणीत तिनं स्वतःच लिहिलं होतं, मालकाची तक्रार नाही. "आप बोले तो नहीं चलता अंकल. अम्मा को खुद बोलना पडता."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरी आली. रांगोळी नव्हती. बालाजी खाली उतरवून पलंगावर ठेवलेले, चिरा उघड्या, बादल्या मांडलेल्या. दारावर लाल नोटीस. अक्का घरातल्याच साडीत, गॅसकडच्या भिंतीला टेकून उभी होती. मॅडमनी सगळं पाहिलं, पलंगावर चढून फरशीचा फोटो काढला, गर्डरवर नखानं ओरखडा काढला तसा गंजाचा पापुद्रा हातात आला. मग खाली उतरून तिनं विचारलं, "अम्मा, बोलो."

मी तोंड उघडणार होतो, मॅडमनी हातानं थांबवलं. अक्कानं पदर सारखा केला. मग आमच्याकडे न बघता, त्या बादल्यांकडे बघत म्हणाली, "मेरा घर टपकता है. मेरे से नहीं होता. आप लोग कर दो."

किती महिने मी तिच्यामागे लागलो होतो, हे बोल म्हणून. ती बोलली आणि मला कसंतरीच झालं. वाटलं, उगाच बोलायला लावलं हिला. त्यापेक्षा मी कर्ज काढलं असतं, चोरी केली असती. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी न्हाणीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

छत झालं, हे आत्ताच सांगून टाकतो. मागच्या खोलीचे गर्डर बदलले, भिंतीवर निळा चौकोनही रंगला, आणि अक्का त्याच्यासमोर कुरडया वाळवायची बाज उभी करून ठेवते. पण त्या दिवसाचं राहिलं.

मी न्हाणीतून आलो तर मॅडम ओट्यावर बसून लिहीत होत्या. अक्का होती तिथेच उभी. तिनं त्या मुलीला बस म्हटलं नव्हतं, साधं पाणीसुद्धा दिलं नव्हतं. आमच्या घरात असं कधी झालेलं मी पाहिलं नाही. जणू ते घर आता तिचं नव्हतंच, आणि दुसऱ्याच्या घरात पाहुण्याला पाणी कसं विचारायचं?

मॅडमनी कागद पिशवीत घातले, चेन ओढली, आणि म्हणाल्या, "अम्मा, आज चाय नहीं पिलाते क्या? उस दिन जैसी."

अक्का दचकली. मग एकदम हलली. गॅस पेटला, आलं ठेचल्याचा आवाज आला, ठेवणीतला कप निघाला, शंकरपाळ्यांचा डबा खडखडला. जाता जाता तिनं बालाजीचा फोटो उचलून चिरेवर परत लावला. कप मुलीच्या हातात देऊन समोर पाटावर बसली आणि तोंडभर हसली.

"वैसा कुछ ज्यादा नहीं टपकता बेटा," ती म्हणाली. "ये मेरा भाई बहुत घबराता."