पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा

मे महिन्यातल्या एका दुपारी आईने घर सोडलं. कारण नवरा नव्हता, मुलगी नव्हती. कारण भिंत होती. आमचं मुलुंडचं घर सर्वात वरच्या मजल्यावर आणि आईचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून. ही भिंत दुपारी जी तापते ती आपण झोपेपर्यंत तापलेलीच असते. आईने एसी मागितला. बाबांनी तत्त्व सांगितलं. "एसी म्हणजे आपलं घर थंड करायचं आणि आपली गरमी शेजाऱ्याच्या खिडकीत ओतायची." आईने तत्त्व ऐकून घेतलं, बॅग भरली आणि बोरिवलीला मामाकडे निघाली. मामाचं घर तळमजल्यावर, समोर झाडं. दारात ती म्हणाली, "भिंत गार झाली की कळवा."

ती हे रागाने बोलली होती. बाबांना वाटलं, काम सांगून गेली.

बाबांनी आयुष्यभर एका सरकारी प्रयोगशाळेत तापमानं टिपली. निवृत्तीच्या दिवशी त्यांचे साहेब भाषणात म्हणाले, की या माणसाने एकही रीडिंग कधी मनाने लिहिलं नाही. त्या दिवशी मिळालेलं घड्याळ कधीच बंद पडलं, पण हे वाक्य बाबा आल्यागेल्याला अजून ऐकवतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही काढली. दुपारी चार वाजता भिंत : अडतीस. तोच आकडा त्यांनी आईला व्हॉट्सॲपवर पाठवला. पुढेमागे एक शब्द नाही. आईने उत्तरादाखल अंगठा पाठवला. "बाबा, 'ये' म्हणा ना तिला," मी म्हटलं. "भिंत गार झालेली नाही," ते म्हणाले. रोज सकाळी मात्र दोन कप चहा गाळायचे, आणि दुसरा कप ओट्यावर तसाच राहायचा.

त्यांचा उपाय असा : सिमेंटचा गिलावा खरवडून काढायचा आणि जुन्या पद्धतीचा चुन्याचा लावायचा, त्यात भाताचं तूस मिसळून. तुसात हवा कोंडते आणि कोंडलेली हवा उष्णता अडवते. शास्त्र बरोबर होतं, हे मला आजही मान्य आहे.

तूस गावाहून आलं, खासगी बसच्या टपावरून, दोन पोती. पोत्यांबरोबर बाबांचे चुलतभाऊ आले. जन्मभर गवंडीकाम केलेले हे आमचे काका. चुन्यात गुळाचं पाणी हवं, उडदाचंही हवं, असं त्यांनी सांगितल्यावर बाबांनी आईच्या उडदाच्या डाळीचा अख्खा डबा उपडा केला. बाथरूममध्ये दोन बादल्या आंबत बसल्या आणि आठ दिवस मी त्यांच्या मधोमध अंग चोरून आंघोळ केली. मग बाबांना मिश्रण आणखी हलकं हवंसं वाटलं, म्हणून त्यांनी न विचारता माझी बीनबॅग कापली. वर पंखा फुल स्पीडवर. थर्माकोलचे दाणे घरभर. मी घरून काम करते. त्या दुपारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये माझ्या केसांकडे बघून साहेबांनी विचारलं, की मुलुंडला बर्फ पडतोय का.

काकांनी घमेल्यात डोकावून कपाळाला हात लावला. "अरे, ह्यो गिलावो की घावण्याचा पीठ?"

"इन्सुलेशन आहे ते," बाबा म्हणाले.

"व्हय? मगे चटणी खंय आसा?"

गिलावा लागला, मी आईला फोनवर तसं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. गुळाची बातमी त्यांना कोणी दिली कोण जाणे, पण इमारतीच्या पाइपवरून सरळ रांगेत त्या आमच्या भिंतीकडे निघाल्या. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले. "अहो, वाट लागली ना आमची! चौथ्या मजल्यापासून तुमच्या मुंग्यांची लाइन लागलीय!"

"बसा," बाबा म्हणाले. "पाठ टेकवा."

ही बाबांची स्वतःची चाचणी. थर्मामीटरला काय वाटतं ते कळतं, पण झोपायचं माणसाला असतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने आईच्या पलंगावर बसून तीन मिनिटं भिंतीला पाठ टेकवायची आणि दहापैकी मार्क द्यायचे. सेक्रेटरींनी डोळे मिटले. मुंग्या विसरले. "झकास आहे हो. आठ."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ते पेपर घेऊन हजर. आठवडाभरात इमारतीतले पाच पुरुष त्या भिंतीला ओळीने पाठी लावून, पाय पसरून डुलक्या काढायला लागले. लग्न केलं नाही ते असल्या गोतावळ्याचा चहा करायला नको म्हणून, आणि इथे मी पातेलंभर चहा करत होते. माझं डोकं भिंतीपेक्षा जास्त तापलेलं होतं. पण थर्मामीटर एकतीस दाखवत होता, आणि बाबा तो आकडा बोरिवलीला पाठवून एखाद्या नवरदेवासारखे फोनकडे बघत बसत होते. आईने लिहिलं, "बघते."

मग गिलावा वाळला.

ओला होता तोवर तो गार होता, एवढंच. ज्याचा आम्ही सोहळा करत होतो ते तूस नव्हतं, पाणी होतं. भिंत बत्तीस झाली, चौतीस झाली आणि छत्तीसला थांबली. सेक्रेटरींनी चार मार्क दिले आणि पेपर उचलून गेले. बाकीचेही पांगले. काका गावाला परतले. अडतीसचे छत्तीस, सगळ्या खटाटोपाची कमाई दोन अंश.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी बाबांना चहा द्यायला गेले. थर्मामीटरवर छत्तीस होते. बाबांनी वहीत लिहिलं, एकतीस. पेनने. मग फोन उचलून तेच आईला पाठवलं. मी कप ठेवला आणि बाहेर आले.

असे चार दिवस त्यांनी एकतीस पाठवले. पाचव्या दिवशी भर दुपारी आई बॅग घेऊन दारात. चपला काढल्या, पाणी प्यायली, सरळ पलंगावर जाऊन बसली आणि भिंतीला पाठ टेकवली. बाबा दाराच्या चौकटीत उभे. तिच्या ब्लाउजच्या बाहीवर घामाचा डाग पसरत चालला होता.

"गार आहे," आई म्हणाली.

बाबांना ते सोसलं नाही. "छत्तीस आहे," ते म्हणाले. "एकतीस मी मनाने लिहिलं."

"माहीत आहे मला. माठसुद्धा ओला असतो तोवरच गार असतो. तुमची वाळलेली भिंत मे महिन्यात चार दिवस एकतीसवर बसेल?" तिने पदराने मान पुसली. "तुमच्यावर खोटं लिहायची पाळी आली, तेव्हा म्हटलं, आता घरी जायला हवं."