साखरखेर्ड्याचा रस्ता, पालथं पडून पाहिलेला

लोक लडाखला जातात, स्पितीला जातात, परत येऊन ब्लॉग लिहितात. मी मामांना दवाखान्यातून घरी सोडायला गेलो होतो. तरीही लिहितोय, कारण लडाखच्या रस्त्यावर निदान दरी कुठं आहे ते दिसतं.

झालं असं, की मामींचा फोन आला. "नितीन, तुह्या मामाच्या डोळ्याचा पडदा सरकला होता. संभाजीनगरले ऑपरेशन झालं. आता घरी न्यायचं हाय. तू गाडी लय हळू चालवतो म्हणे?" मी गाडी हळू चालवतो यावर आमच्या घरात गेली बारा वर्षं विनोद होतात. बायको म्हणते, तुमच्या पुढून बैलगाडी हॉर्न देऊन जाते. पण या गुणासाठी कोणी मुद्दाम बोलावणं पाठवावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी पहाटे पुणं सोडलं आणि दहाच्या आत दवाखान्यात हजर झालो.

मामांचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला. उरला उजवा, आणि आता त्याचाच पडदा. पडदा दाबून बसवायला डॉक्टरांनी आत गॅस भरला होता आणि बजावलं होतं की सात दिवस मान खाली, तोंड जमिनीकडे, झोपायचं तेही पालथं. "आणि धक्का अजिबात बसता कामा नये. पडदा परत सुटला, तर पुढं माझ्या हातात काही नाही."

मामांनी खाली मान घालूनच विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या गावाले कधी गेले का तुमी?"

"नाही."

"मंग तुमी म्हणता ते बराबर हाय."

गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडे आहे. नाव सांगत नाही, मामा ब्लॉग वाचतात. म्हणजे वाचायचे, आणि पुन्हा वाचतील की नाही हाच त्या दिवशीचा प्रश्न होता.

बसण्याची व्यवस्था मामींनी केली. मागच्या सीटवर मामा, मांडीवर दोन उशा, उशांवर स्कूटरची हवा भरलेली ट्यूब, आणि ट्यूबच्या भोकात मामांचं तोंड. डोळ्यावर पट्टी. शेजारी मामी, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून. ग्रामपंचायतीचे सदस्य, गावात ज्यांच्याशिवाय पान हलत नाही असा त्यांचा स्वतःचा समज, ते आमचे मामा घमेल्यात पाहत बसल्यासारखे दिसत होते. मी हसलो नाही. हसू दाबून जालन्यापर्यंत मात्र माझं पोट दुखलं.

जालन्याहून समृद्धीवर चढलो. तुम्हीही तसंच करा, टोल जातो पण कंबर राहते. गाडी इतकी अलगद चालली की थोड्या वेळानं मामा ट्यूबमधून अस्वस्थ झाले. "नित्या, गाडी बंद पडली का बे?"

"नाही मामा, चालू आहे."

"मंग काही समजून काऊन नाही राह्यलं?"

ज्याला आयुष्यभर रस्ता बुडाखालून कळला, त्याला सपाट रस्त्यावर आपण कुठं आहोत ते कळेना. त्यांनी दोनदा विचारलं, सिंदखेडराजा मागं तर नाही पडलं?

सिंदखेडराजाला खाली उतरलो. उतरल्याबरोबर स्टँडकडे आलूबोंडा खाऊन घ्या, वर झणझणीत रस्सा घालून देतात, दोन प्लेटींत जेवण होतं. मामांनी आलूबोंडा तोंड खाली ठेवूनच खाल्ला आणि चहा स्ट्रॉनं प्यायले. शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं मामींना हळूच विचारलं, "ह्यायचं काही हरवलं का खाली?" मामा म्हणाले, "हो, इज्जत." मला बरं वाटलं. जीभ अजून जागेवर होती.

तिथून पुढं साखरखेर्ड्याकडे निघालो आणि खरा प्रवास सुरू झाला. खड्ड्यांबद्दल मी लिहिणार नाही, खड्ड्यांवर या देशात भरपूर लिहून झालंय. माझा विषय ब्रेकर आहे. सरकारी कागदावर त्याला गतिरोधक म्हणतात, पण सरकारी म्हणावा असा या रस्त्यावर मला एक दिसला असेल. बाकी सगळे घरगुती. कोणी मुरूम आणि डांबर ओतलेलं, कोणी काँक्रीट, कोणी विजेचा जुना खांब आडवा घालून वर सिमेंट फासलेलं. एकानं वावरात पाइप न्यायला रस्ता आडवा खोदला होता आणि चर बुजवताना माती जास्त झाली, म्हणून त्याचाही ब्रेकर झाला. पांढरा पट्टा नाही, पाटी नाही. मुंगीच्या चालीनं जायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

पण मामांची मजा बघा. पहिल्या ब्रेकरवर गाडी चढली-उतरली आणि ट्यूबमधून आवाज आला, "हा फौजीचा."

"काय?"

"फौजीचा ब्रेकर. रिटायर होऊन आला आन पयलं काम हे केलं. पुढं डावीकडं चक्की लागंल पाह्य."

डावीकडे चक्की लागली.

पुढचा जोडीनं होता, दोन उंचवटे लागोपाठ. "हा डेअरीवाल्याचा. दोन लेकं हाय ना त्याले, दोघायचे दोन." त्यापुढचा एका बाजूनं झिजलेला. "हा जुन्या सरपंचाचा. पडला बिचारा इलेक्शनमंदी, तवापासून कोणी डागडुजी नाही केली." डोळ्यावर पट्टी, तोंड ट्यूबमध्ये, आणि माणूस रस्ता पोथीसारखा वाचत होता. एकही चुकला नाही.

एका गावात ब्रेकर इतका उंच होता की मी गाडी थांबवून उतरलो आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "दादा, एवढा उंच कशाला?"

"पयले बारका होता," तो म्हणाला. "मंग तिकडच्या गल्लीतल्यायनं आमच्याहून मोठा बांधला. मंग आमालेबी वाढवा लागला."

"पण गाड्या घासतात ना खाली."

"घासू द्या ना. थांबते तर खरी."

गाडीत बसल्यावर मामींनी सुस्कारा सोडला. मामी अंगणवाडीत सेविका आहेत, अंगणवाडी गावातल्या शाळेच्याच आवारात भरते. "पाह्य, इतके ब्रेकर हाय रस्त्यानं. प्रत्येक मोठ्या माणसाच्या दारात एक. शाळेपुढं एक नाही. तीन वर्षं झाले मी बोंबलून राह्यली."

"शाळेसमोर मंजूर झाला होता ना, मामा? तुम्हीच सांगितलं होतं मागे."

मामांनी ट्यूबमध्ये तोंड आणखी खुपसलं. मग मामा म्हणाले, "पुढं पाहून चालव."

पुढं पाहूनच चालवत होतो, पण पुढं सोयाबीन होतं. अर्धा रस्ता वाळत घातलेलं, कडेनं दगडांची ओळ. आपला टायर त्यावरून गेला की शेतकऱ्यांची मळणी फुकटात होते, म्हणून ते आपल्याला अडवत नाहीत, उलट हातानं बोलावतात. समोरून ट्रॅक्टर आला. मी गाडी सोयाबीनवर घातली, स्पीड वीसच्या आत. आणि सोयाबीनखाली ब्रेकर होता.

पुढचं चाक आपटलं, मग मागचं. मामी "अगं बाई" म्हणून किंचाळल्या. मामा काहीच बोलले नाहीत. हा कोणाचा, हेही नाही.

मी गाडी बाजूला घेतली. मामांनी हळूच मामींचा हात शोधला. "पट्टीच्या आत काही चमकलं," ते म्हणाले. "मंग अंधार झाला. आधीबी अंधारच होता म्हणा. आता काही समजून नाही राह्यलं."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आता काहीच सांगता येणार नाही. मान खाली ठेवा. आठव्या दिवशी तपासू, तेव्हाच कळेल." मी फोन ठेवला. मला रडू आलं होतं आणि रागही. सोयाबीन राखणारा माणूस पाण्याची कळशी घेऊन पळत आला. मी त्याच्यावर ओरडलो, "अहो, ब्रेकरवर सोयाबीन घालतात का?"

तो खरोखर गोंधळला. "पण ब्रेकर तर तिथंच हाय ना पयलेपासून. सगळ्याइले माहीत हाय."

पाणी प्यायलो आणि निघालो. त्यानंतर कोणाचाही ब्रेकर आला तरी मामा गप्प होते. मी दर वेळी उतरून कडेनं वाट आहे का पाहायचो, नसली तर गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचो. एका तासाच्या रस्त्याला अडीच तास लागले. दुपार कलली तेव्हा गाव आलं.

आणि मामांच्या घरासमोर ब्रेकर होता. मी मागं आलो होतो तेव्हा नव्हता. तो सगळ्या रस्त्याचा बाप होता. पक्का काँक्रीटचा, गुडघ्याला लागेल असा, पलीकडचं कोंबडं अलीकडून दिसू नये इतका. फक्त कडेला हातभर सपाट जागा सोडलेली, एक मोटारसायकल निघेल एवढी. माझ्या गाडीचं पोट त्यावरून जाणं शक्य नव्हतं. मी थांबलो. ओळखीचे पाच-सहा जण गोळा झाले.

"काऊन थांबला बे?" मामांनी विचारलं.

"ब्रेकर आहे मामा. गाडी निघणार नाही."

"इथं कुठी आला ब्रेकर? कोण्या गाढवानं बांधला?"

एक जण चपलेकडे पाहायला लागला, एकानं तोंडावर रुमाल धरला. मामी शांतपणे म्हणाल्या, "तुमी."

मला लगेच उमगलं. कडेची ती हातभर जागा मामांच्या मोटारसायकलची होती. जगाला अडवायला ब्रेकर, आणि बांधणाऱ्याला वाट. बाकी सगळ्या रस्त्याचे ब्रेकर मामांना पाठ होते, स्वतःच्या ब्रेकरवरून मात्र ते कधी गेलेच नव्हते, म्हणून आपण दारात आलोय हेही त्यांना कळलं नाही.

मग आम्ही त्यांना खाली उतरवलं. मान वर करायची नाही, म्हणून कमरेत वाकून, तोंड जमिनीकडे ठेवून, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला मामी, असे मामा आपल्या ब्रेकरवर चढले आणि पलीकडे उतरले. सगळ्या गावादेखत आपणच बांधलेल्या ब्रेकरला लवून मुजरा केल्यासारखं झालं ते. चढताना त्यांचा पाय घसरला तेव्हा मी त्यांना मिठीच मारली. कोणी हसलं नाही. मामा मात्र हळूच म्हणाले, "लय उंच झाला बे."

चहा घेताना मामींनी मला सगळं सांगितलं. ठराव शाळेच्या नावानंच झाला होता. काँक्रीटची गाडी आली त्या दिवशी मामा म्हणाले, शाळा काय, घरापासून शंभर पावलांवर तर आहे, इथं केला काय अन् तिथं केला काय. "आन खरं कारण काय सांगू," मामी म्हणाल्या, "ह्यायच्या दारासमोर गाडी हळू झाली का मानूस इकडं पाह्यते. पाह्यलं का रामराम करा लागते. सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून रामराम गोळा करते हा मानूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाच्या आवाजानं मला जाग आली. मामींनी ट्रॅक्टर आणि चार माणसं बोलावली होती. ब्रेकर फुटत होता. आत पलंगावर पालथे पडलेले मामा ओरडले, "बाहेर काय चालू हाय?"

मामी दारातून म्हणाल्या, "काही नाही. तुमचा मोठेपणा शाळेपुढं नेऊन टाकून राह्यलो."

मामा उठू शकत नव्हते. मान वर करायला बंदी होती. मामींनी सात दिवसांची ही संधी नेमकी हेरली होती. दुपारपर्यंत ट्रॉली भरून सगळा माल शाळेसमोर पडला, वर मुरूम आणि सिमेंट, आणि या वेळी उंची मामींनी स्वतः वीतभर मोजून दिली. मास्तरांनी पोरांकडून चुन्याचे पट्टे ओढून घेतले. जेवायला मिरचीचा ठेचा, भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मामा पालथेच जेवले. निघताना मी पायांना हात लावला तर म्हणाले, "डोळा गेला तर काय पाहाचं हाय, सपाट रस्ता?"

पुण्यात आलो. गाडीखालचा पत्रा बदलावा लागला. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर दोन ब्रेकर आहेत, त्यातला एक मीच अर्ज करकरून आणलेला आहे. तिथं गाड्या हळू होतात आणि वॉचमन मला सलाम करतो, हे मी मामांना सांगितलेलं नाही. ते आठ दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. सोयाबीनखालचा तो दणका झोपेतही ऐकू यायचा.

आठव्या दिवशी मामींचा फोन आला. डॉक्टरांनी तपासलं होतं, पडदा जागेवर होता. मी ऑफिसच्या जिन्यात बसून मनसोक्त रडलो.

पुढचं मामींनीच नंतरच्या फोनवर सांगितलं. मान वर करायची परवानगी मिळाल्यावर मामांनी पहिल्याच सकाळी ओट्यावर खुर्ची टाकली. गाड्या सुसाट जात होत्या. कोणी हळू झालं नाही, कोणी इकडे पाहिलं नाही. दुपारपर्यंत एकही रामराम नाही. दोन दिवस हे सोसलं, तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलली आणि निघाले.

मी लगेच मामांना फोन लावला. "कुठं आहात?"

"शाळेपुढं. पोरं रस्ता वलांडते, कोनी पाहाले नको का?"

"डोळ्यानं कसं दिसतंय?"

"अजून धुकट हाय. पण मानूस ओळखू येते." मागून मोटारसायकलचा ब्रेक लागल्याचा आवाज आला, कोणीतरी "रामराम दादा" म्हणालं, आणि मामा फोन बाजूला धरून तोंडभरून ओरडले, "रामराम, रामराम! हळू चाल बे, ब्रेकर हाय! आमचाच हाय!"