एका ब्रेकला एक बटण

"आधी कोणाच्या हातात होती ही गाडी?" मिस्त्रीने ट्रकखालून विचारलं.

"का?"

"ज्याच्या हातात होती त्याचं गाडीशी वैर असावं." मिस्त्री सरपटत बाहेर आला. हात चिंधीला पुसले. "क्लच प्लेट संपलीय. ब्रेकचे लायनर संपलेत. मागचे टायर तर माझ्या डोक्यासारखे झालेत." त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. "असा ड्रायव्हर पोसणारा मालक धन्य."

तुफान टायरांकडे बघू लागला. गाडी त्यानेच चालवली होती. सलग अकरा वर्षं.

तुफान हे त्याचं खरं नाव नव्हे. ट्रकच्या अड्ड्यावर मिळालेली पदवी. सगळ्यांच्या मागून निघायचा आणि सगळ्यांच्या आधी पोचायचा. गाडी मालकाची, डिझेल मालकाचं, टायर मालकाचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मालकाने जुना ट्रक विकायला काढला तेव्हा त्यानेच तो कर्ज काढून घेतला. ओळखीची गाडी, फसगत व्हायची नाही, असं त्याला वाटलं. फसवणारा आपणच निघू, हे ध्यानात आलं नव्हतं.

तो नोकरी सोडताना मालक म्हणाला होता, "तीन महिने तुझी जागा कोणाला देत नाही. जमलं नाही तर सरळ ये. दुसऱ्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवीन. लाजायचं नाही."

मनापासून म्हणाला होता. म्हणूनच ते जास्त टोचत होतं. दोन महिने सरले होते. कामाला तोटा नव्हता. कारखान्यातून कागदाची रिळं भरायची, घाट ओलांडायचा, छापखान्यात उतरवायची. पण मिळालेलं भाडं टाकीत ओतलं जात होतं. लिटरला जेमतेम तीन किलोमीटर. हप्ता भरला की तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं.

लोकांनी सांगितलं ते सगळं करून झालं. टाकीत टाकायचं औषध आणलं. एकाने उतारावर न्यूट्रल करायला सांगितलं. दोन वळणं तेही केलं. हातपाय थंड पडले, मग सोडलं.

त्याची बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. एका सकाळी काज करता करता म्हणाली, "अहो, एकदा बाबांना बरोबर न्या."

तिचे बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

"मामांना? मामांनी जन्मात स्टेअरिंग धरलं नाही. रुळावरची गाडी. वळवायचीसुद्धा नसते."

"थांबवायची तर असते." तिने दोरा दाताने तोडला. "तीन हजार टन थांबवायचे ते. तुमच्या सोळा टनांचं कौतुक आम्हाला नका सांगू."

मामा आले. इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटली, काखेत उशी. हातात लेकीचा रिकामा पत्र्याचा डबा. खिसा बटणांनी फुगलेला.

"मामा, उशी आणलीत. झोपा खुशाल."

"पाठीला आणलीय. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मला झोप येत नाही. बसमध्येही नाही."

खरंच होतं. ट्रक हलला तसा त्यांचा उजवा पाय फळीवर घट्ट रोवला गेला.

पहिला चौक आला. तुफानने जोरात जाऊन ब्रेक दाबला. मामांनी खिशातलं एक बटण डब्यात टाकलं. टण. पुढे रिक्षा आली. टण. गतिरोधक. टण.

"हे काय चाललंय, मामा?"

"तुम्ही तुमचं काम करा, जावईबापू. मी माझं करतो."

घाटाच्या पायथ्याशी खिसा रिकामा झाला. मामांनी डबा परत खिशात ओतला, झाकणावर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि पुन्हा सुरुवात केली. तुफानचे कान तापले. टण आवाज डोक्यात शिरला. छापखान्याच्या दारात गाडी लागली तेव्हा झाकणावर तीन रेघा होत्या.

"दोनशे एकोणीस," मामा म्हणाले.

"ब्रेक दाबूच नये की काय?"

"दाबायचा. गरजेला हजारदा दाबायचा. पण मला सांगा, ब्रेकने काय थांबवलं?"

"गाडी."

"गाडी कशाने पळत होती?"

"डिझेलने."

"विकत घेतलेलं डिझेल जाळलंत आणि लायनरवर घासून टाकलंत. दोनशे एकोणीस वेळा." मामांनी बाटलीतलं पाणी घेतलं. "मी स्टेशन दिसायच्या आधी थांबायला लागायचो. दिसलं की उशीर झालेला असतो. रस्ता रोजचा आहे तुमचा. कुठे चढ संपतो, कुठे शाळा आहे, तुम्हाला पाठ आहे. मग अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आधी का उचलत नाही?"

"उतारावर न्यूट्रलचं काय?"

"हात लावू नका. न्यूट्रलमध्ये गाडी चालत नाही, पडते. गिअर असू द्या, पाय उचला. ती फुकट धावते आणि ताब्यातही राहते."

परतीच्या वाटेवर त्याने करून पाहिलं. मन ऐकत होतं, पाय ऐकत नव्हता. मन दोन महिन्यांचं मालक होतं. पाय अकरा वर्षांचा नोकर होता.

मामा घरी गेले. डबा गाडीतच राहिला. मग तो स्वतःच बटणं टाकू लागला. थांबला की आठवून, प्रामाणिकपणे. आणखीही काही दिसू लागलं. कारखान्याबाहेरच्या रांगेत तो इंजिन कधी बंद करत नसे. मालकाच्या वेळी बॅटरी दुबळी होती, गाडी बंद केली तर धक्का मारावा लागे. नवी बॅटरी पहिल्याच आठवड्यात बसली होती. सवय मात्र जुनीच चालू होती. दोन तास, रोज, घरघर. त्याने किल्ली फिरवली. इतकी शांतता त्या रांगेत त्याने कधी ऐकली नव्हती. सोमवारी टायरची हवा तपासू लागला. वेग साठाच्या वर जाऊ देईना.

टपरीवर चहा पिताना एक जुना सोबती म्हणाला, "काय रे, बरं नाही का? तुफानाची झुळूक झाली की."

"झुळुकीला डिझेल कमी लागतं."

तोच सोबती पुढे हॉर्न वाजवत त्याला मागे टाकून गेला. तासाभराने टोलनाक्यावर भेटला. तीन गाड्या पुढे उभा होता. तुफान काचेमागे एकटाच हसला.

दोनशे एकोणीसचे एकशे साठ झाले. मग सत्त्याण्णव. लिटरला चार किलोमीटर पडू लागले, मग थोडे वर. हप्ता भरूनही बायकोच्या हातात काही उरू लागलं. त्यातून तिने त्याच्यासाठी पातळ तळव्याचे बूट आणले. "त्या जाडजूड बुटांतून पायाला काय कळणार?" म्हणाली.

तीन महिने संपले त्या सकाळी तो माल भरून मालकाच्या अंगणात गेला. मामांना मुद्दाम बरोबर घेतलं होतं. ते उशी लावून गाडीतच बसले.

मालकाने खण उघडला. "ठेवू किल्ली?"

"नको, मालक." तो उभाच राहिला. "एक सांगायचं होतं. अकरा वर्षं मी तुमचं डिझेल उधळलं. मला आता कळलं."

"मला पहिल्या महिन्यात कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी माल भिजवला नाहीस. कधी खोटं बिल आणलं नाहीस. माणूस मिळतो कुठे असा? डिझेल मी भाड्यात धरत होतो." मालकाने खण बंद केला. "कोरड्या तोंडाने जाऊ नकोस. चहा घे."

 मान खाली घालून त्याने चहा संपवला.

घाट ओलांडला. मग सपाट रस्ता लागला. बऱ्याच वेळाने तुफानच्या लक्षात आलं, टण ऐकू येत नाही. त्याने वळून पाहिलं. मामांची मान उशीवर कलली होती. तोंड किंचित उघडं. उजवा पाय फळीवर सैल पडला होता.

मग त्याने छापखान्यापर्यंत गाडी अशी नेली जशी आधी कधीच नेली नव्हती.

मामा दारात जागे झाले. डबा पाहिला.

"घाटानंतर मोजलंच नाहीत तुम्ही," तुफान म्हणाला.

"मोजलं की. ब्रेक लागला की जाग येते." त्यांनी डोळे चोळले. "नऊ वेळा आली."

संध्याकाळी त्याने डबा बायकोपुढे ठेवला. तिचे चार शर्ट बटणांवाचून खोळंबले होते. तिने सगळी बटणं सतरंजीवर ओतली, बोटाने जोड्या लावल्या, पुन्हा मोजली.

"अहो, बाबांना सत्तर दिली होती. नऊ कमी आहेत."

"ती गाडीत राहू देत," तो म्हणाला.