दिसत होतं, पण लागत नव्हतं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरला शाळेत शिकवत होतो. “भाऊजी, हे गेले जी...” एवढंच बोलल्या. माझा थोरला भाऊ, सुदामदादा, चहा पिता पिता बाजेवर कलंडला होता. काही आठवडे झाले, तरी रस्त्यात जीप दिसली की माझी मान आपोआप ड्रायव्हरकडं वळते.

दादाची जीप कामरगाव-कारंजा चालायची. कुणाच्या अडीनडीला तो भरल्या ताटावरून उठायचा. प्यायचाही. प्याला की सुदाम आणखी मायाळू होतो असं सगळे म्हणत, आणि त्यालाही ते खरंच वाटे.

मग चुलतभावाची हळद आली. मी नव्हतो तिथं. पुढचं दादानंच मला सांगितलेलं. दुपारीच पिणाऱ्यांची बैठक जमली होती. शेजारच्या सावित्राबाई धावत आल्या. “सुदाम, सुनेले कळा सुटल्या. कारंज्याले नेनं लागते, जीप काढ बाबा.” दादा हसला. “पहिलटकरीण हाय, संध्याकाळलोक काई होत नाही. जा, च्या पे!” बसलेलेही हसले. सावित्राबाई पदर तोंडाशी धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग निघून गेल्या. आणि थोड्या वेळानं हाच दादा एका मित्राच्या गळ्यात पडून, त्याच्या कधीकाळी मेलेल्या बैलासाठी ढसाढसा रडला...

सुनेला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. रस्त्यातच, कुणाच्या तरी शेतातल्या गोठ्यात मुलगी झाली. दोघी वाचल्या, पण सून पुढं बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती.

दुसऱ्या दिवशी दादा त्यांच्या दारात गेला. सावित्राबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. त्या एवढंच बोलल्या, “तू आला नाही, त्याचं काई नाही. पेलेला होता. पन तू हासला रे...”

त्यानंतर एकदा आम्ही दोघंच बसलो होतो. मी समजूत काढू लागलो, की पिऊन गाडी चालवली नाहीस ते बरंच झालं. त्यानं मान हलवली. “चावी त देता आली असती का नाही दुसऱ्याले? तेही सुचलं नाही. सावित्राबाईचं तोंड मले दिसून राह्यलं होतं, पन लागून नव्हतं राह्यलं. अन् बैलासाठी रडलो! ते रडनं माह्यं माह्यासाठीच होतं बे.”

मी बरंच वाचलेला माणूस, पण दारू माणसातलं नेमकं काय नेते, हे मला त्या दिवशी कळलं. माया नाही नेत. समोरच्याचं दुःख आपल्यापर्यंत पोचायची वाट तेवढी बंद करते. आणि ती बंद झाल्याचं पिणाऱ्याला कळतही नाही.

दारू लगेच सुटली नाही. पण ज्या दिवशी पाय घसरणार असं वाटे, त्या दिवशी तो जीपची चावी आधी सावित्राबाईंकडं नेऊन द्यायचा. त्या ती कोनाड्यात ठेवत. हळूहळू चावी नेणंच थांबलं. शेवटची कित्येक वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नाही.

त्याच वर्षांत त्याला एक सवय लागली. कुणी बोलवायला आलं की तो त्याला ओसरीवर बसवायचा, स्वतः समोर टेकायचा आणि त्याच्या तोंडाकडं बघत सगळं ऐकून घ्यायचा. मगच चप्पल घालायचा.

जीप आता पुतण्या चालवतो. गेल्या रविवारी मी कामरगावला दादाच्याच घरी होतो. परगावचा एक माणूस घाईघाईनं आला, दादा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. “सुदामभाऊ हायेत काय?” मी काही सांगणार, तोच वहिनी बाहेर आल्या. पोराला हाक मारून जीप काढायला सांगितली आणि त्या माणसासमोर ओसरीवर टेकल्या.

“नाहीत भाऊ ते. तू बस... काय झालं, मले सांग.”