मैत्रीण दारात आली तर

अन्याय माझ्या मैत्रिणीवर झाला. यंदा धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सालवडला तिच्या सासरी, माझ्यासमोर. तिची सासू मला म्हणाली, "लगीन झालंय ना तिचं? मग आता मैत्रिणी कशाला? आनि तू ती मोर्चेवाली ना? आमच्या घरात मोर्चा नको." मैत्रीण ओट्याजवळ उभी होती. मी चपला घातल्या.

मारहाण नाही, उपासमार नाही. म्हणून याला कुणी अन्याय म्हणत नाही. मी म्हणते.

उमरोळीला परत आले आणि वाचनाची जुनी वही काढली. कॉलेजात असताना आम्ही दोघींनी मिळून एक कादंबरी वाचली होती, दोन मैत्रिणींची. तारापूरच्या पुढे, किनाऱ्यावर, तिच्या आईच्या बोंबलांपाशी. तिचे हात ओले, म्हणून वाचायचे मी. ती दोन-दोन बोंबील घ्यायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायची आणि ती जोडी वाळायला दोरीवर टाकायची. मध्येच मला थांबवून बोलायची. घरी येऊन मी आधी माझं मत लिहायचे, खाली तिचं.

माझी टिपणं आज वाचवत नाहीत. नुसती पत्रकं. 'लग्न होताच दुसरी मैत्रीण कादंबरीतून गायब! लेखिकेचा अक्षम्य निष्काळजीपणा!' त्याखाली तिचं: "लेखिका नाय गो इसरली. बाईला घरात घेतली नि दार लावलं, आता लेखिका तरी काय करनार? तू वाच पुढं, मोर्चेवाली."

तेव्हा तो शब्द लाडाचा होता.

एकदा म्हणाली, "एकटा बोंबील टाकून बघ दोरीवर, रातो काय?" मी टाकला. तो सरळ वाळूत पडला. ती इतकी हसली की तिच्या आईने दोघींना हाकललं. हे मात्र वहीत लिहायचं राहिलं.

अजूनही वाचते. टिपण लिहिते, खाली तिच्यासाठी जागा सोडते. सवय. ती जागा तशीच राहते.

सकाळी मी बोईसरला कारखान्यांच्या फाटकांवर सांडपाण्याची पत्रकं वाटते. घाणेरड्या नाल्यासाठी अर्ज कुठे द्यायचा, हे मला तोंडपाठ आहे. नवऱ्याने टाकलं तर बाई कोर्टात जाऊ शकते. मैत्रीण तोडली तर? कुठली खिडकी? तिचा फोन सासूच उचलते. "कामात हाय ती." दर वेळी कामातच.

म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी, कारण दाराची कडी तुमच्या हातात आहे. तुमच्या सुनेची मैत्रीण दारात आली, तर कोण, कुठली, कशाला, विचारू नका. आत घ्या. दोघींना चहा द्या. मग तुम्ही उठा, बाहेर जा, आणि सुनेला हाक मारू नका.